सार्वजनिक घरांचा जीर्णोद्धार व त्याचा खर्च

जुने घर दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे, हा प्रश्न ज्याच्या पदरी वाडवडिलांची वास्तू आहे अशा गृहस्थास आयुष्यात एकदा तरी पडतोच. गवंडी म्हणतो, भिंत उकलल्यावाचून काही सांगता यावयाचे नाही. भिंत उकलली की सुतार म्हणतो, तुळई किडली आहे. आणि तुळईस हात घातला की छपराची गोष्ट निघते. हा प्रकार कितीही त्रासाचा असला तरी तो एका घरापुरता असतो. परंतु पावणेदोन लक्षांच्या वर बिऱ्हाडे ज्याच्या मालकीची, अशा मालकापुढे हाच प्रश्न आला म्हणजे त्याचे स्वरूप केवढे होत असेल याची कल्पना करावी. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे गृहमंडळ हा असा मालक होय. त्याच्या घरांत जी माणसे राहतात ती बहुतेक गरीब अथवा बेताच्या मिळकतीची आहेत, आणि त्या शहरात हिवाळ्यात बर्फ पडते. तेव्हा दुरुस्ती लांबणीवर पडली तर तिची झळ नुसती भिंतींस लागत नाही.

या गृहमंडळाची स्थापना १९३४ साली झाली. त्या वेळी फिओरेल्लो ला गार्डिया हे शहराचे महापौर होते व सर्वत्र मंदीचा काळ होता. मंडळाने पहिले जे काम हाती घेतले ते नव्या बांधकामाचे नव्हते, तर जुन्या चाळींच्या जीर्णोद्धाराचे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मॅनहॅटन बेटाच्या लोअर ईस्ट साइड नावाच्या दाट वस्तीत जुन्या चाळी एकमेकींस चिकटून उभ्या होत्या. त्यांच्या आतल्या खोल्यांत ना वारा, ना उजेड. मंडळाचा बेत असा होता की, दर तिसरी चाळ पाडावी, त्या मोकळ्या जागेतून शेजारच्या चाळींस हवा व प्रकाश मिळू द्यावा, आणि उरलेल्या आतून नीटनेटक्या करून घ्याव्या. नवे बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, असा हिशेब होता. काम सुरू झाले आणि असे दिसून आले की, उरलेल्या चाळींच्या भिंतींत स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा जीवच नाही. अखेर आठ इमारतींपैकी तिहींचाच काय तो जीर्णोद्धार झाला; बाकीच्या पाच पायापासून नव्याने बांधाव्या लागल्या. डिसेंबर १९३५ मध्ये ‘फर्स्ट हाउसेस’ या नावाने ही वसाहत खुली झाली. भिंत उकलल्यावाचून खर्चाचा अंदाज सांगता येत नाही, हा गवंड्याचा नियम मंडळाने पहिल्याच कामात अनुभवला.

पुढे नव्या वसाहती उठल्या. १९३७ सालच्या मध्यवर्ती कायद्याने मोठ्या शहरांतदेखील दर घरामागे पाच हजार डॉलरांची मर्यादा घातली होती. त्या मर्यादेत बसण्यासाठी काय काय करावे लागले याचे एक उदाहरण म्हणजे १९३९ साली क्वीन्स भागात उभी राहिलेली क्वीन्सब्रिज ही वसाहत. तीत तीन हजारांवर बिऱ्हाडे आहेत. इमारती सहा मजली, पण लिफ्ट थांबावयाची ती पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच. प्रत्येक मजल्यावर दरवाजा ठेवला तर खर्च वाढतो. तेव्हा मधल्या मजल्यांवरील लोकांनी एक जिना पायी चढावा वा उतरावा, असे ठरले. तरण्याताठ्या माणसास ही अडचण भासली नसेल. पण घरे टिकली, माणसे म्हातारी झाली, आणि बांधकामाच्या दिवशी वाचवलेला पैसा पुढील पिढ्यांच्या गुडघ्यांतून वसूल होत राहिला.

महायुद्धानंतरच्या वीसपंचवीस वर्षांत मंडळाच्या बहुसंख्य इमारती बांधल्या गेल्या. म्हणजे त्या एकाच सुमारास तरुण होत्या व एकाच सुमारास म्हाताऱ्या झाल्या. भाडे तर भाडेकरूच्या मिळकतीशी बांधलेले. १९६९ सालच्या कायद्याने ते मिळकतीच्या शेकडा २५ पेक्षा जास्त घ्यावयाचे नाही असे ठरले व पुढे ही मर्यादा शेकडा ३० झाली. हे न्याय्यच होते. परंतु त्या भाड्यातून दुरुस्ती भागत नाही. उरलेली भर मध्यवर्ती सरकारने घालावयाची. १९८० नंतर ती भर आखडत गेली. छप्पर गळू लागले की डांबर लावावे, नळ फुटला की चिंधी बांधावी, अशा रीतीने वर्षे काढली गेली. २०२३ साली मंडळाने आपल्या इमारतींची पाहणी करून हिशेब मांडला, तेव्हा पुढील वीस वर्षांत लागणारी रक्कम ७,८३० कोटी डॉलर निघाली. दर बिऱ्हाडामागे चार लाख डॉलरांहून अधिक! एवढ्या पैशात अमेरिकेतील कित्येक गावांत बागेसकट स्वतंत्र घर विकत मिळते.

हा आकडा ऐकून कोणीही कपाळास हात लावील. पण खरा विचार त्याच्या पुढे सुरू होतो. हा खर्च होतो कशाचा? विटांचा, लोखंडाचा, यंत्रांचा, की आणखी कशाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास हिवाळ्यातील उबेसारखे दुसरे उदाहरण नाही.

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत ऊब मिळते ती वाफेने. तळघरात मोठा बॉयलर असतो. त्यात पाणी उकळते, वाफ नळांतून वरच्या मजल्यांवर चढते आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडाचा जो रेडिएटर असतो त्यात जाऊन थंड होते. तिचे पुन्हा पाणी होऊन ते खाली उतरते. ही युक्ती शंभराहून अधिक वर्षांची असून एकेकाळी फार नावाजलेली होती. तिचा दोष असा की, ती खोली पाहून ऊब देत नाही. बॉयलरजवळच्या बिऱ्हाडात उकाडा व्हावा आणि टोकाच्या बिऱ्हाडात हात गारठावे, हा तिचा स्वभावच आहे. टोकास ऊब पोचावी म्हणून बॉयलर अधिक पेटवावा, तर जवळच्या बिऱ्हाडातील लोक जानेवारीच्या थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकतात. बाहेर बर्फ पडत आहे आणि उघड्या खिडकीतून सरकारी पैशाची वाफ आकाशात जात आहे, हे दृश्य त्या शहरात नवलाचे नाही.

आणि बॉयलर बंद पडला तर? तर मग एका खोलीची नव्हे, कित्येकदा साऱ्या वसाहतीची ऊब जाते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ नावाचे वादळ आले, तेव्हा समुद्राचे पाणी तळघरांत शिरून ऐन थंडीच्या तोंडावर कित्येक इमारतींचे बॉयलर निकामी झाले. रेड हुकसारख्या वसाहतींच्या अंगणात पुढे वर्षानुवर्षे तात्पुरते बॉयलर उभे होते. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तर वादळ नसतानाही मंडळाच्या शेकडा ८० रहिवाशांना कधी ना कधी ऊब किंवा गरम पाणी यांवाचून राहावे लागले. अशा वेळी लोक स्वयंपाकाची शेगडी पेटवून तिच्याभोवती मुलांना घेऊन बसत. ती शेगडी ज्वलनशील वायूची, खोली बंद. यात जिवास किती धोका आहे हे सांगावयास नको. २०१९ साली मध्यवर्ती सरकारने मंडळावर देखरेखीसाठी एक स्वतंत्र निरीक्षक नेमला, त्यामागे जी कारणे होती त्यांत ऊब न मिळणे हे एक ठळक कारण होते.

आता यावर उपाय कोणता? वाफेऐवजी वीज वापरून ऊब देणारी यंत्रे आज मिळतात. त्यांस हीट पंप म्हणतात. ती वीज जाळून उष्णता निर्माण करीत नाहीत. बाहेरच्या हवेत जी काही उष्णता असते ती ओढून आत आणतात. थंड हवेतून उष्णता कशी निघणार, अशी शंका येईल. पण शीतपेटीच्या आतली उष्णता तिच्या पाठीमागील नळीतून बाहेर टाकली जाते, हे पुष्कळांनी हात लावून पाहिलेले असेल. हीट पंप हे तेच काम करतो. फक्त अंगण ही त्याची शीतपेटी आणि खोली ही तिची पाठ. उन्हाळ्यात क्रिया उलटी केली की तेच यंत्र खोली थंड करते. विजेच्या साध्या तापकास जेवढी वीज लागते तेवढ्यात याच्याकडून दुप्पट-तिप्पट ऊब मिळते.

यंत्र उत्तम खरे. पण ते बसवावयाचे म्हणजे काय, ते पाहावे. प्रचलित रीतीने बसवावयाचे तर बाहेरचा भाग छपरावर किंवा भिंतीवर टांगावा लागतो, आतला भाग प्रत्येक खोलीत. दोहोंमध्ये वायूच्या नळ्या न्यावयाच्या म्हणून भिंती पोखराव्या लागतात. जुन्या भिंतींच्या रंगात शिसे व नळांवरील वेष्टनात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव. म्हणून प्रत्येक छिद्रासाठी वेगळे कारागीर, वेगळी खबरदारी. एवढी वीज जुन्या तारांना झेपत नाही, म्हणून रस्त्यापासून बिऱ्हाडापर्यंत नव्या तारा. उंच इमारत, म्हणून परांची. काम महिनोन्महिने चालणार, म्हणून भाडेकरूंस हलवावयाचे. हलवावयाचे म्हणून त्यांस दुसरीकडे जागा. शिवाय त्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा एक कायदा आहे, त्यास ‘विक्स लॉ’ म्हणतात. त्याअन्वये सार्वजनिक इमारतींच्या मोठ्या कामात नळांचा मक्ता निराळा, विजेचा निराळा आणि ऊब-हवेचा निराळा द्यावा लागतो. कायद्याचा मूळ हेतू लहान मक्तेदारांना काम मिळावे हा असेलही. परंतु एक मक्तेदार दुसऱ्याची वाट पाहत बसतो आणि त्या बसण्याचे पैसे गृहमंडळ भरते.

येणेप्रमाणे बेरीज केली असता असे आढळते की, ऊब देणारे यंत्र हे या खर्चातील लहान भावंड आहे. मोठा वाटा भिंत, तार, परांची, मुक्काम हलवणे आणि वाट पाहणे यांचा.

आणखी एका गळतीचा उल्लेख येथे ओघाने करावा लागतो. मोठ्या कामांस टेंडर मागवण्याची कटकट फार, म्हणून दहा हजार डॉलरांच्या आतील किरकोळ दुरुस्त्या टेंडरावाचून देण्याची मुभा मंडळाच्या स्थानिक कामगारांस होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या वकिलांनी मंडळाच्या सत्तर आजी-माजी नोकरांवर लाचलुचपतीचे खटले भरले. अशा किरकोळ कामांमागे ते मक्तेदारांकडून हात ओले करून घेत, असा आरोप होता, व त्यांतील बहुतेकांनी पुढे गुन्हा कबूल केला. कामाचे तुकडे जितके लहान, तितकी त्यांवर नजर ठेवणे कठीण. खर्च कमी करण्यासाठी केलेली सोय खर्च वाढवण्याचे द्वार कशी होते, याचा हा मासला.

असो. ऊब देण्याचा प्रश्न मंडळाने वेगळ्या बाजूने कसा सोडवू पाहिला, ते समजण्यासाठी थोडे मागे, १९९५-९६ सालाकडे गेले पाहिजे. त्या वेळी मंडळाची तक्रार शीतपेट्यांविषयी होती. बहुतेक बिऱ्हाडांत विजेचे बिल मंडळच भरते, त्यामुळे जुन्या शीतपेट्या जी भरमसाट वीज खात तिचा भुर्दंड मंडळास बसे. नव्या घ्याव्या तर दुकानांत काटकसरी शीतपेट्या होत्या, पण मोठ्या. उपनगरांतील ऐसपैस स्वयंपाकघरांसाठी केलेल्या. मंडळाच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरांत मावतील अशा लहान पेट्या कारखानदार जुन्याच पद्धतीने काढीत. गरिबाच्या पेटीवर डोके कोण खपवणार? तेव्हा मंडळ, राज्याचे वीजमंडळ व मध्यवर्ती ऊर्जाखाते यांनी मिळून कारखानदारांस कळवले की, अमुक मापाची, इतकी कमी वीज खाणारी पेटी करून द्याल तर हजारोंच्या संख्येने घेऊ. मेटॅग या कंपनीने ती करून दिली. १९९७ सालापासून वर्षास हजारोंच्या हिशेबाने त्या बसवण्यात आल्या. जुन्या पेटीच्या मानाने वीज निम्म्याच्या आसपास लागे. तीच पेटी त्याच भावाने इतर शहरांच्या गृहमंडळांनाही घेता आली. लग्नघरचा किराणा एकगठ्ठा घेतला म्हणजे वाणी भावही कमी करतो आणि मालही निवडून देतो. येथे गिऱ्हाइकाने त्याच्याही पुढे जाऊन बाजारात नसलेला माल पैदा करविला.

हीच युक्ती डिसेंबर २०२१ मध्ये ऊब देण्याच्या यंत्रासाठी योजण्यात आली. गृहमंडळ, राज्याचे वीजमंडळ व ऊर्जासंशोधन संस्था यांनी जाहीर स्पर्धा लावली. अटी वाचल्या असता त्या घालणारांनी खर्चाचा मूळ झरा कोठे आहे हे नेमके ओळखले होते, असे म्हणावे लागते. यंत्र खिडकीत बसले पाहिजे. भिंतीस छिद्र पडता कामा नये. बिऱ्हाडात जे साधे वीजछिद्र आहे त्यातच त्याची दोरी खुपसता आली पाहिजे; नव्या तारा ओढावयाच्या नाहीत. काही तासांत ते बसवून व्हावे. आणि न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीतही त्याने पुरी ऊब दिली पाहिजे. असे यंत्र त्या वेळी अमेरिकेतील बाजारात तयार मिळत नव्हते. खिडकीत बसणारी थंड हवेची यंत्रे होती, परंतु ती कडक थंडीत कामाची नव्हती.

ऑगस्ट २०२२ मध्ये मायडिया व ग्रेडियंट अशा दोन कंपन्या पसंत करण्यात आल्या. सात वर्षांत तीस हजार यंत्रे, सुरुवातीची रक्कम सात कोटी डॉलर, असा करार झाला. यंत्राची घडण पाहण्यासारखी आहे. बैलाच्या पाठीवर गोणी टाकली असता तिचे दोन भाग दोहों अंगांस लोंबतात, तसे हे यंत्र खिडकीच्या उंबऱ्यावर स्वार होते. एक भाग खोलीत, दुसरा बाहेर. उंबऱ्यावर राहतो तो केवळ सांधा, म्हणून खिडकीचा उजेडही पुष्कळसा राहतो. नवा रेडिएटर नको, नळ नको, परांची नको. भाडेकरूने घर सोडावयाचे नाही. फार तर खिडकीपुढचे टेबल बाजूस सरकवावयाचे.

२०२३ च्या शरदऋतूत क्वीन्समधील वुडसाइड वसाहतीत चोवीस बिऱ्हाडांत बहात्तर यंत्रे बसवून प्रयोग सुरू झाला. ही वसाहत १९४९ सालची आहे. साधारणपणे बिऱ्हाडास तीन यंत्रे, म्हणजे करारातील सरासरी भावाने सुमारे सात हजार डॉलर. त्या हिवाळ्यात या बिऱ्हाडांना उबेसाठी जी ऊर्जा लागली ती वाफेच्या बिऱ्हाडांच्या मानाने फारच थोडी होती. त्याचे श्रेय केवळ यंत्राच्या चातुर्यास नाही. ज्या त्या खोलीची कळ ज्याच्या त्याच्या हाती आली, त्यामुळे जानेवारीत खिडक्या उघडण्याचे कारण उरले नाही, हेही एक. शिवाय एक यंत्र बिघडले तर एक खोली गारठते, शेजारचे बिऱ्हाड नाही. आणि बिघडलेले यंत्र उचलून दुसरे ठेवता येते. तळघरातील बॉयलरच्या बाबतीत हे शक्य नव्हते. बर्फ पडू लागताच शेगडी पेटवून तिच्याभोवती बसणाऱ्या आईच्या दृष्टीने हा फरक काय आहे, ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्या शेगडीचाही विचार मग सुरू झाला. मंडळाच्या घरांत स्वयंपाक नळाच्या वायूवर होतो. नळ जुने, गळती आढळली की साऱ्या उभ्या रांगेचा पुरवठा बंद, व तो पुन्हा सुरू होईपर्यंत कधीकधी महिने लोटतात. तोवर बिऱ्हाडांनी मंडळाकडून मिळालेल्या विजेच्या एकचुली शेगडीवर भागवावयाचे. ब्राँक्स भागातील वीस बिऱ्हाडांत ‘वी ॲक्ट’ या संस्थेने एक प्रयोग केला. दहा बिऱ्हाडांत वायूची शेगडी ठेवली आणि दहांत विजेची चुंबकीय, म्हणजे इंडक्शन शेगडी दिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे विजेच्या शेगडीच्या घरांतील हवेत नायट्रोजन डायॉक्साइड हा दम्यास अपायकारक वायू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. प्रयोग संपल्यावर जुनी शेगडी परत हवी का, असे विचारता कोणीही होय म्हटले नाही. परंतु अडचण पुन्हा तारेचीच. अमेरिकेत साध्या वीजछिद्रात १२० व्होल्टचा प्रवाह असतो व अशा शेगडीस २४० लागतो. (भारतात घरोघरी २३० असल्याने ही अडचण येथे ध्यानीही येत नाही.) सर्व घरांतून नव्या तारा ओढावयाच्या म्हटल्या की खर्चाची जुनी रडकथा सुरू झाली. तेव्हा पुन्हा स्पर्धा लावण्यात आली, आणि कॉपर नावाच्या कंपनीने शेगडीच्या पोटातच विजेचा साठा करणारी बॅटरी बसवून दिली. साध्या छिद्रातून ती दिवसभर थोडी थोडी वीज घेते व स्वयंपाकाच्या वेळी एकदम देते. रात्री हंड्यात थेंब थेंब पाणी साठवून सकाळी घागरीने काढावे, तसे. दहा हजार शेगड्यांसाठी सुमारे तीन कोटी वीस लक्ष डॉलरांचा हा करार आहे.

भिंतीस न शिवता तिच्यावरून मार्ग काढण्याचा हा न्यूयॉर्कचा प्रकार झाला. नेदरलँड्समध्ये याच्या उलट, भिंतीसच हात घालून खर्च उतरवण्याचा प्रयत्न झाला. तेथील सार्वजनिक घरे युद्धोत्तर काळातील, बहुतेक दोनतीन मजली, ओळीने एकसारखी. ‘एनर्जीस्प्रोंग’ या चळवळीतील लोकांनी असा विचार केला की, घरे एकसारखी आहेत तर प्रत्येक घरावर गवंड्याने का चढावे? घराचे माप प्रकाशकिरणांनी घ्यावे, नवी बाह्यभिंत खिडक्यांसह व नवे छप्पर कारखान्यात करावे, आणि शिंप्याने बेतलेला कोट अंगावर चढवावा त्याप्रमाणे ते जुन्या घरावर चढवावे. आठवड्याच्या आत काम पुरे. बिऱ्हाड जागच्या जागी. पहिल्या नमुन्यांस दर घरामागे सव्वा लाख युरोंच्या वर खर्च आला. तो काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर उतरला. वीज-इंधनासाठी भाडेकरू जे पैसे भरत असे तेच त्याने गृहसंस्थेस भरावे आणि त्यातून कर्ज फिटावे, यासाठी कायद्यातही सोय केली गेली. २०१३ साली सहा गृहसंस्था व चार बांधकाम कंपन्यांनी मिळून १,११,००० घरांचा संकल्प सोडला. त्याचा अगदी थोडा अंश प्रत्यक्षात उतरला. खर्च आणखी खाली यावयाचा तर कारखान्यास एकसारखे काम हवे. आणि गृहसंस्था म्हणत, आधी खर्च खाली येऊ द्या, मग काम देऊ. दोघेही आपापल्या जागी शहाणे होते.

फ्रान्समधील उदाहरण आणखी निराळे. पॅरिसमध्ये १९६१ च्या सुमाराची ‘बोआ-ल-प्रेत्र’ ही उंच इमारत पाडून टाकावी असे घाटत होते. लाकातों, व्हासाल व द्रुओ या वास्तुविशारदांनी ती न पाडता तिच्या चहू अंगांनी कारखान्यात तयार केलेल्या सज्जांचे नवे वेष्टन उभे केले. २०११ साली ते पुरे झाले. खोल्या मोठ्या झाल्या, उजेड वाढला, इंधन निम्म्याहून कमी लागू लागले, रहिवाशांस घर सोडावे लागले नाही. आणि पाडून बांधण्यास जो खर्च येता त्याहून हा बराच कमी आला. पुढे बोर्दो शहरात ५३० बिऱ्हाडांवर हाच प्रयोग झाला. यांतील लाकातों व व्हासाल यांस २०२१ सालचे प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले.

दुरुस्तीचा खर्च आटोक्यात आला नाही म्हणजे काय होते, हेही न्यूयॉर्कमध्येच पाहावयास सापडते. मॅनहॅटनच्या चेल्सी भागात फुल्टन आणि इलियट-चेल्सी या दोन वसाहती आहेत. दोन हजारांवर बिऱ्हाडे. प्रथम ठरले की त्यांची दुरुस्ती करावी. भिंती तपासता तपासता अंदाज इतका चढत गेला की, २०२३ साली पाडून नवे बांधण्याची योजना पुढे आली. त्याच जागेवर बाजारभावाची उंच घरेही बांधावी व त्या उत्पन्नातून गरिबांची घरे उभी करावी, अशी ती योजना आहे. काही रहिवासी म्हणतात, नवे घर मिळत असेल तर का नको? काही म्हणतात, आयुष्य येथे गेले, आता उतारवयात कोठे जावे आणि परत आणतील याचा भरवसा काय? यांपैकी कोणासही चूक म्हणवत नाही. मुंबईत बी. डी. डी. चाळींच्या रहिवाशांनी हाच विचार वर्षानुवर्षे केला. १९२० नंतरच्या दशकात सरकारने सिमेंट-काँक्रीटच्या बांधलेल्या त्या चाळींतील एका खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. तेथे दुरुस्तीचा मार्ग सोडून पुनर्बांधणीचा धरला गेला, व वरळीतील पहिल्या काही कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परंतु तो मार्ग चालतो तो जमिनीच्या किमतीवर. वरळी किंवा चेल्सी येथील जमीन सोन्याच्या मोलाची आहे, म्हणून ती घरांचा खर्च काढू शकते. ब्राँक्सच्या टोकाच्या वसाहतीखालील जमिनीस तो भाव नाही. तेथील माणसास जुन्याच घराचा खर्च खाली येण्याची वाट पाहणे भाग आहे.

खिडकीतील यंत्राने सर्व दुखणी बरी होतील असे मात्र कोणी समजू नये. ते छप्पर गळावयाचे थांबवीत नाही, भिंतीवरील बुरशी पुसत नाही, लिफ्ट चालवीत नाही. ७,८३० कोटींच्या यादीत अशी कामे पुष्कळ आहेत, व त्यांपैकी कित्येकांना परांचीवाचून गत्यंतर नाही. दुसरे असे की, मंडळाच्या घरांत विजेचे बिल बहुधा मंडळ भरते म्हणून तेथे हा व्यवहार सरळ आहे. जेथे बिल भाडेकरूच्या नावे असते, तेथे बॉयलरचे इंधन मालकाच्या खात्यातून निघून विजेचे बिल गरिबाच्या खात्यात पडेल, आणि जमाखर्चात तेवढी ‘बचत’ दिसेल. असली बचत कोणास नको आहे.

वुडसाइडच्या त्या चोवीस बिऱ्हाडांखाली बॉयलर अद्याप पेटतोच आहे. वसाहतीतील उरलेल्या तेराशेंहून अधिक बिऱ्हाडांस ऊब त्याच्याच वाफेची, आणि स्नानाचे गरम पाणीही साऱ्यांस तिच्याच आधाराने मिळते. शेवटच्या बिऱ्हाडात यंत्र बसेपर्यंत आणि पाणी तापवण्याची दुसरी सोय होईपर्यंत तो विझवता येत नाही. आणि तो विझेपर्यंत त्याचे नळ, त्याची गळती व त्याच्या दुरुस्तीचा खर्च मंडळाच्या वहीत चालूच राहतो.